लष्कर गेलं, माती राहिली: जुन्या छावणीत माणसाला असलेला धोका कसा तपासायचा

कॅलिफोर्नियात माँटेरे उपसागराच्या काठाला फोर्ट ऑर्ड नावाची अमेरिकी लष्कराची छावणी होती. १९१७ मध्ये सरावासाठी जमीन घेतली गेली आणि १९९४ मध्ये छावणी बंद झाली. पसारा सुमारे २८ हजार एकरांचा. आज तिथे विद्यापीठ आहे, वसाहती आहेत, समुद्रालगतच्या वाळूच्या टेकड्यांवर उद्यान आहे आणि आतल्या टेकाडांवर २०१२ पासून राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळालेलं रान आहे. लोक तिथे सायकली चालवतात, मुलं वाळूत खेळतात. हीच जागा १९९० मध्ये देशातल्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या सुपरफंड यादीत आली, आणि तिचा बराच भाग अजून त्या यादीत आहे. भूजलात सॉल्व्हंट, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणारी द्रवं आहेत, चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या वाळूत शिसं साचलं होतं, आणि सुमारे ८ हजार एकरांच्या माऱ्याच्या क्षेत्रात न फुटलेला दारूगोळा पडलेला होता.

अशा जागेचं मूल्यमापन पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कुठल्याही पायरीवर एक प्रश्न सोडू नका: हे विष कुणाच्या अंगात जातंय, आणि कुठल्या वाटेने? जमिनीत काय आहे ते प्रयोगशाळा सांगते. वाट मात्र आपल्यालाच शोधावी लागते, आणि ती शोधण्यासाठी माणसं दिवसभर काय करतात ते पाहावं लागतं.

सगळ्यात आधी: दारूगोळा

रसायनांचा धोका हळूहळू साठत जातो. न फुटलेल्या गोळ्याचा धोका एका क्षणाचा असतो. त्याला मात्रा नसते, सरासरी नसते, आणि पुढे दिलेलं कुठलंही गणित त्याला लागू पडत नाही. म्हणून त्याचा विचार वेगळा आणि पहिला करायचा.

माऱ्याच्या जुन्या क्षेत्रात दारूगोळा तज्ज्ञ सोबत असल्याशिवाय रस्ता सोडायचा नाही. मातीचा नमुना घ्यायला हाताने छोटं भोक पाडायचं असलं, तरी आधी तिथे धातुशोधक फिरवायचा. भोक खोल जाईल तसं थांबून थांबून पुन्हा तपासायचं. खाली धातू असल्याचा इशारा आला तर ते भोक तिथेच सोडायचं आणि मीटरभर सरकून दुसरी जागा घ्यायची. नमुना आराखड्यात कुठे दाखवला होता, याला तेव्हा काही किंमत नाही.

फोर्ट ऑर्डच्या आसपास लोकांना तीन शब्द शिकवले जातात: ओळखा, मागे फिरा, कळवा. वस्तू उचलायची नाही, पायाने सरकवायची नाही, आलो त्याच वाटेने परत जायचं. अनेक भागांत खोदकाम करणाऱ्या मजुरांना आधी दारूगोळा ओळखण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि मोठ्या खोदाईला स्थानिक परवाना लागतो. तुमच्या जागेवर अशी व्यवस्था नसेल, तर अहवालातली पहिली शिफारस तीच असू द्या.

पायरी १: जागेचा इतिहास काढा

नमुन्यांचा आराखडा जुन्या नकाशांवर बसून करायचा असतो. दर दशकाचे हवाई फोटो, इमारतींची यादी, चांदमारीच्या नोंदवह्या, सांडपाण्याच्या वाहिन्यांचे आराखडे मिळवा, आणि तिथे काम केलेल्या निवृत्त लोकांशी बोला. त्यांना ‘प्रदूषण झालं का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ असंच येईल. ‘इंजिनचे भाग कशाने धुवायचे? धुतल्यावर ते पाणी कुठे ओतायचे?’ असं विचारा. मग कुठल्या दाराबाहेर, कुठल्या झाडाखाली, हेसुद्धा कळतं.

प्रत्येक कामाची आपली एक खूण असते. गाड्यांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये ग्रीस काढण्याची सॉल्व्हंट, म्हणजे मुख्यतः ट्रायक्लोरोएथिलीन, ज्याला सगळे टीसीई म्हणतात. शिवाय इंधन आणि बॅटरीचं शिसं. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला परक्लोरोएथिलीन. चांदमारीत शिसं, गोळी कठीण करण्यासाठी त्यात मिसळलेलं अँटिमनी, आणि आवरणाचं तांबं. स्फोटकांच्या मैदानात टीएनटी, एचएमएक्स आणि आरडीएक्स. या शेवटच्याचं नाव आपल्याकडे १९९३ च्या मुंबई स्फोटांपासून सर्वांना ठाऊक आहे. रॉकेटचं इंधन आणि धूरकांड्या असतील तिथे परक्लोरेट हे रसायन. आग विझवण्याच्या सरावाच्या खड्ड्यात इंधन आणि सॉल्व्हंट ओतून पेटवलेली असतात. त्यावर सत्तरच्या दशकापासून जो फेस मारला गेला त्यातून पीफास गटातली, सहजासहजी न विघटणारी रसायनं उतरतात. फोर्ट ऑर्डच्या विमानतळावर असाच एक खड्डा होता.

नव्या माणसाच्या नजरेतून निसटतात ती घरं. सैनिकांच्या जुन्या क्वार्टर्सवर १९७८ पूर्वीचा शिशाचा रंग असतो आणि तो पोपडे धरून भिंतीलगतच्या मातीत पडतो. वाळवीसाठी पायाखाली क्लोरडेन ओतलेलं असू शकतं. अमेरिकेत त्याची विक्री १९८८ मध्ये थांबली, पण ते मातीत दशकानुदशकं टिकतं. चांदमारीपासून चार किलोमीटर दूर असलेल्या अंगणात मुलाला सगळ्यात जास्त शिसं त्याच्याच घराच्या भिंतीवरून मिळत असेल, असं अगदी सहज घडू शकतं.

चुका कुठे होतात? इमारतींचे क्रमांक मधल्या काळात बदललेले असतात. चांदमारीची दिशा फिरवलेली असते, त्यामुळे १९४५ चा मारा जिथे पडायचा तिथे १९७५ मध्ये क्वार्टर्स उभी असतात. एकाच काळाच्या नकाशावर विसंबलात तर हे दिसणार नाही. नकाशे एकावर एक ठेवूनच पाहा.

पायरी २: वाट जोडून पाहा

अमेरिकेत अशा जागांचं आरोग्यविषयक मूल्यमापन एटीएसडीआर ही केंद्र सरकारची संस्था करते. तिच्या पद्धतीत वाटेचे पाच दुवे असतात: उगम; माती, पाणी किंवा हवेतून होणारा प्रवास; माणूस आणि प्रदूषक भेटतात ती जागा; शरीरात शिरण्याचा मार्ग, म्हणजे गिळणं, श्वास किंवा कातडी; आणि प्रत्यक्ष माणसं. पाचही दुवे जुळले तर वाट पूर्ण. एखादा अंधारात असेल तर वाट संभाव्य. एखादा कायमचा तुटलेला असेल तरच ती वाट यादीतून काढता येते. हा हिशेब तीनदा करायचा: पूर्वीसाठी, आजसाठी आणि पुढच्यासाठी.

फोर्ट ऑर्डच्या भूजलावर हे करून पाहू. तिथे जमिनीखाली पाण्याचे थर एकाखाली एक आहेत. सगळ्यात वरच्याला ए-थर म्हणतात, खाली १८० फुटी आणि ४०० फुटी थर. ए-थर आणि त्याखालचं पाणी यांच्यामध्ये चिकणमातीचा जाड पडदा आहे. गळती झाली ती वरच्या थरात, आणि गावाला पाणी मिळतं खोल विहिरींतून, जे नियमित तपासलं जातं. कागदावर पाहिलं तर पडद्याने दुवा तोडलाय, वाट बंद.

पण हा पडदा पश्चिमेला समुद्राकडे पातळ होत संपतो. शिवाय पडदा फोडून खाली गेलेल्या जुन्या विहिरींच्या नळ्यांभोवतीची पोकळी नीट बुजवलेली नसेल, तर वरचं पाणी त्या नळीच्या कडेने खाली उतरतं. कार्बन टेट्राक्लोराइड हे सॉल्व्हंट खालच्या थरात पोहोचलं ते असंच, विहिरींच्या वाटेने. म्हणून परिसरातली प्रत्येक विहीर शोधायची, मोडकळीला आलेली, कागदावर नसलेली, शेतातली, सगळी. ती किती खोल आहे, पाणी आत घेणारी जाळी कुठल्या फुटापासून कुठल्या फुटापर्यंत आहे, केसिंगभोवती, म्हणजे विहिरीच्या नळीभोवती, सिमेंट भरलंय का, हे तीन प्रश्न प्रत्येक विहिरीला विचारायचे.

नव्या विहिरींवर काउंटीची, म्हणजे जिल्हा प्रशासनाची, बंदी असलेली पट्टी नकाशावर आखलेली आहे. ती उपयोगी आहे, पण बंदी म्हणजे कागदावरचा दुवा. ती पाळली जाते का, हे घरोघरी जाऊन पाहायचं. बागेला पाणी कुठून येतं, एवढा एक प्रश्न पुरतो.

माणसं कोण, याची यादी करताना ‘रहिवासी’ आणि ‘कामगार’ या दोन चौकटींवर थांबू नका. कुंपणाच्या भोकातून सायकल घेऊन येणारी पोरं, पितळेची टरफलं वेचणारे, उघड्यावर तळ ठोकलेली बेघर माणसं, गटाराची वाहिनी खणणारा मजूर, अंगणात भाजी लावणारी आजी, मातीने भरलेले गणवेश घरी धुणारी बायको. शनिवारी सकाळी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर जागेवर जाऊन उभं राहा. पायवाटा पाहा. गवत दबलेलं असेल तिथे कुणीतरी रोज चालतंय.

पायरी ३: नमुने असे घ्या की उत्तर माणसाशी जोडता येईल

मातीचा नमुना किती खोलीवरचा, हे माणूस काय करतो त्यावर ठरतं. खेळणाऱ्या मुलाच्या हाताला वरची दोन-अडीच सेंटीमीटर माती लागते. भाजीच्या वाफ्यासाठी ३० सेंटीमीटरपर्यंत जा. पाया खणणाऱ्यासाठी तीन मीटर. वरच्या थराच्या प्रश्नाला तीन मीटरचा एकत्र कालवलेला नमुना लावला, तर वरचं शिसं खालच्या स्वच्छ मातीत विरून जातं आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

चांदमारीची माती फसवी असते. प्रयोगशाळा बाटलीतून साधारण १ ग्रॅम माती काढून आम्लात विरघळवते. त्या एका ग्रॅममध्ये शिशाचा १ मिलिग्रॅमचा कण आला, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तर उत्तर येतं किलोमागे १००० मिलिग्रॅम. तो कण चमच्यातून घरंगळून बाटलीतच राहिला, तर तीच माती स्वच्छ ठरते. म्हणून एका जागेची एक बाटली घेऊन निर्णय करू नका. ज्या तुकड्याबद्दल निर्णय घ्यायचा, समजा अर्ध्या एकराचं अंगण, त्याच्यावर जाळी आखून ३० ते १०० ठिकाणांहून सारख्या मापाचे चिमूटभर तुकडे घ्या आणि त्यांचा एक नमुना करा. हेच पुन्हा दोनदा, वेगळ्या बिंदूंवरून. तीन उत्तरं जवळजवळ आली तर सरासरीवर भरवसा ठेवा. फार फाकली तर तुकडे वाढवा.

स्फोटकांच्या नमुन्याला तर याहून जपावं लागतं. गोळा पूर्ण फुटला तर मागे फारच थोडं उरतं. अर्धवट फुटला तर स्फोटकाचे खडे आजूबाजूला विखुरतात, आणि मैदानातलं बहुतेक प्रदूषण त्यांचंच असतं. अशी माती प्रयोगशाळेत उन्हापासून दूर वाळवून, २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळून, दळून मग १० ग्रॅम घ्यायची असते. दळण्याची पायरी वगळली तर आकडे बिनकामाचे. कामाचा आदेश देताना हे लिहूनच द्या, गृहीत धरू नका. टीएनटी मातीला चिकटून राहतं आणि तिथेच त्याचं रूपांतर होतं. आरडीएक्स पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातं. म्हणून वरच्या मातीत आरडीएक्स सापडलं नाही तरी खालचं पाणी तपासायचंच.

शिशासाठी उलट बारीक चाळण लागते, १५० मायक्रोमीटरची, कारण मुलाच्या बोटांना चिकटते ती धूळ. अख्खी गोळी बोटाला चिकटत नाही. फोर्ट ऑर्डच्या किनाऱ्यावर नुसत्या डोळ्यांनीही विभागणी केली होती: पृष्ठभागाचा १० टक्क्यांहून जास्त भाग गोळ्यांनी झाकलेला असेल तर दाट, १ ते १० टक्के मध्यम, त्याखाली विरळ. दिवसभरात मोठा किनारा चालून होतो आणि प्रयोगशाळेचा खर्च कुठे करायचा ते कळतं.

पाण्यातल्या सॉल्व्हंटसाठी ४० मिलिलिटरच्या कुप्या काठोकाठ भरायच्या. झाकण लावून उलटी करा आणि बोटाने टिचकी मारा. वाटाण्याएवढा बुडबुडा वर सरकला तर ती कुपी टाकून नवी भरा, कारण सॉल्व्हंट त्या हवेत निघून जातं. पीफाससाठी टेफ्लॉनची टेप आणि पाणी न झिरपणारे जाकीट दोन्ही दूर ठेवा, कारण त्यांतही पीफास असू शकतं, आणि नमुन्याच्या जागेवर उघडून पुन्हा बंद केलेली शुद्ध पाण्याची कोरी बाटली सोबत पाठवा. प्रयोगशाळेला किती कमी मोजता येतं तेही आधी विचारा. २०२४ मध्ये अमेरिकेने पीफास गटातल्या पीफोआ आणि पीफॉस या दोघांसाठी पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम केली. १० नॅनोग्रॅमच्या खाली मोजता न येणाऱ्या यंत्राने ‘आढळलं नाही’ म्हटलं, तर त्या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

घरातली हवा मोजायची असेल तर दोन दिवस आधी जा आणि घरातले रंग, गोंद, डाग काढायची द्रवं, बंदूक साफ करायचं तेल, सगळं यादी करून बाहेर काढा. नाहीतर तुम्ही जमिनीतली वाफ सोडून कपाटातली बाटली मोजाल. आतली हवा काढून टाकलेला सहा लिटरचा स्टीलचा डबा चोवीस तास ठेवा, तोंडाच्या उंचीवर. एक डबा घराबाहेर, एक शक्य असेल तर लादीखालच्या मातीतली हवा घेणारा. आणि हे हिवाळ्यात एकदा नक्की करा. दारं-खिडक्या बंद आणि हीटर चालू असताना घर जमिनीतली हवा वर ओढतं.

पायरी ४: चाळणी लावा, निकाल देऊ नका

प्रत्येक आकडा तपासणी मर्यादेशी, म्हणजे ज्याखाली काळजीचं कारण नाही अशा ठरवून दिलेल्या प्रमाणाशी, ताडून पाहायचा. मर्यादेच्या खाली असेल तर ते रसायन बाजूला. वर असेल तर पुढच्या गणिताला. मर्यादा ओलांडली म्हणजे आजार झाला असा अर्थ नाही, आणि हे बैठकीत लोकांना समजावून सांगायचं काम तुमचं आहे. एकाच अवयवावर परिणाम करणारी अनेक रसायनं असतील तर मर्यादेचा दहावा भाग धरून चाळा, कारण प्रत्येक एकटं पास होतं आणि सगळी मिळून नापास होतात.

धातूंच्या बाबतीत मूळ जमिनीत किती आहे ते छावणीबाहेरच्या तशाच मातीतून मोजा. वाळूची तुलना वाळूशीच करा, चिकणमातीशी नको.

पायरी ५: मात्रेचं गणित

गणित सोपं आहे, आणि ते एकदा हाताने केल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका. मातीतलं प्रमाण गुणिले रोज गिळलेली माती, गुणिले वर्षातले दिवस भागिले ३६५, आणि सगळं भागिले शरीराचं वजन.

समजा चांदमारीच्या जागी वस्ती होणार आहे आणि मातीत किलोमागे ३० मिलिग्रॅम अँटिमनी आहे. अमेरिकी पर्यावरण संस्थेची नेहमीची गृहीतकं अशी: लहान मूल रोज २०० मिलिग्रॅम माती गिळतं, वजन १५ किलो, वर्षातले ३५० दिवस. २०० मिलिग्रॅम मातीत ०.००६ मिलिग्रॅम अँटिमनी येतं. १५ ने भागलं की किलो वजनामागे ०.०००४. ३५० दिवसांचा हिशेब लावला की ०.०००३८. अँटिमनीची रोजची संदर्भ मात्रा, म्हणजे रोज पोटात गेली तरी अपाय होणार नाही असं मानलेली मात्रा, आहे ०.०००४. भागाकार ०.९६. एकच्या खाली, पण अगदी उंबरठ्यावर.

तेच प्रौढासाठी करा: रोज १०० मिलिग्रॅम माती, वजन ८० किलो. भागाकार ०.०९. तीच माती, पण मुलाला दहापटीहून जास्त मात्रा. प्रौढांच्या आकड्यांवर वस्तीला मंजुरी देणं किती चुकीचं, ते इथे उघड दिसतं.

आता त्याच जागी घरांऐवजी उद्यान झालं आणि मूल वर्षातून ५० दिवस आलं, तर भागाकार ०.१४. जमिनीचा वापर बदलला की उत्तर बदलतं. म्हणून वापराचं गृहीतक अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा, परिशिष्टात दडवू नका. आणि बांधकाम मजूर विसरू नका: त्याच्यासाठी रोज ३३० मिलिग्रॅम माती धरतात. उद्यान कितीही सुरक्षित ठरलं तरी ते बांधणारा माणूस धुळीत उभा असतो.

मातीतलं प्रमाण म्हणून कुठला आकडा घ्यायचा? चाळणीला सर्वोच्च, या गणिताला सरासरीची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा, म्हणजे खरी सरासरी ज्याच्या वर नाही याची ९५ टक्के खात्री आहे असा आकडा. त्यासाठी निदान आठ-दहा नमुने हवेत. तीन नमुन्यांवर हे काढता येत नाही. तेवढेच असतील तर सर्वोच्च वापरा.

शिशाला हे गणित लावायचं नाही. त्याला सुरक्षित असा उंबरठा सापडलेला नाही, म्हणून मुलांच्या रक्तातलं शिसं किती वाढेल याचं वेगळं प्रतिमान (गणिती मॉडेल) चालवतात, ज्यात माती, घरातली धूळ, पाणी आणि अन्न सगळं येतं. वस्तीच्या मातीसाठी तपासणी पातळी वर्षानुवर्षं किलोमागे ४०० मिलिग्रॅम होती, ती २०२४ मध्ये २०० वर आणली गेली.

कॅन्सरचा हिशेब वेगळा असतो: मात्रा ७० वर्षांच्या आयुष्यावर पसरवतात आणि उत्तर जादा शक्यतेत येतं. दहा लाखांत एक ते दहा हजारांत एक, हा पट्टा निर्णयाचा. त्याहून वर गेलं तर सहसा उपाय करावा लागतो.

टीसीईची वाफ: हा भाग सावकाश वाचा

टीसीई पाण्यात असतं आणि ते पाणी कुणी पीत नाही. म्हणून वाट बंद, असं अनेक जुन्या अहवालांत लिहिलेलं सापडतं. पण टीसीई पाण्यातून हवेत जायला उत्सुक असतं. पाण्यात लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम असेल, म्हणजे नेमकी पिण्याच्या पाण्याची मर्यादा, तर पाण्याला टेकलेल्या मातीतल्या हवेत त्याच्या सुमारे ०.४ पट, म्हणजे लिटरमागे २ मायक्रोग्रॅम जमतं. घनमीटरमागे ते २००० झालं. जमिनीतून घरापर्यंत येताना ते विरळ होतं. सावध गृहीतक असं की हजारावा भाग घरात पोहोचतो. उरले घनमीटरमागे २ मायक्रोग्रॅम. आणि श्वासासाठी टीसीईची संदर्भ पातळी नेमकी २ आहे. पिण्याला जेमतेम चालणारं पाणी उथळ असेल आणि वर घर असेल, तर हवेच्या बाबतीत तुम्ही सीमेवर उभे असता.

दुसरी गोष्ट वेळेची. ही पातळी ठरवताना गर्भाच्या हृदयातल्या दोषांचा विचार झाला आहे. हृदय गरोदरपणाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच घडतं. तिथे अनेक वर्षांची सरासरी काढून ‘दीर्घकाळात ठीक’ म्हणणं म्हणजे त्या काही आठवड्यांकडे पाठ फिरवणं. कॅलिफोर्नियाच्या भागात पर्यावरण संस्थेने घरांसाठी २ मायक्रोग्रॅमला त्वरेने आणि ६ ला तातडीने हालचाल करायची पातळी ठरवली. असा आकडा हाती आला तर अहवाल पूर्ण व्हायची वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन करा, घरात गरोदर स्त्री आहे का हे विचारा, हवा खेळती करा, लादीतल्या भेगा बुजवा, आणि लादीखालची हवा ओढून छपरावर सोडणारा पंखा बसवायची व्यवस्था लावा.

पाणी घरात वापरलं जात असेल तर अंघोळ विसरू नका. गरम पाण्याच्या शॉवरमध्ये सॉल्व्हंट हवेत निघतं आणि श्वासातून जाणारी मात्रा पिण्यातून जाणाऱ्या मात्रेच्या तोडीची होऊ शकते. ‘आम्ही बाटलीबंद पाणी पितो’ हे उत्तर म्हणून अपुरं आहे.

धूर

फोर्ट ऑर्डमध्ये दारूगोळा शोधण्याआधी दाट काटेरी झुडपं ठरवून जाळतात, कारण झुडपांत हात घालणं जास्त जिवावरचं. २००३ च्या ऑक्टोबरात अशीच एक आग आखलेल्या हद्दीबाहेर गेली. लोकांना भीती असते दारूगोळ्याच्या धुराची, पण त्याचा वाटा झुडपांच्या धुरापुढे किरकोळ असतो. खरा त्रास सूक्ष्म कणांचा, दमेकऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना. जाळायच्या दिवशी वारा कुठे वळेल, शाळा कुठे आहे, घर सोडून जावं लागणाऱ्यांची सोय कोण करणार, हे आराखड्यात हवं.

पायरी ६: होऊन गेलेल्या संपर्काचा हिशेब

लोक बहुतेक वेळा भूतकाळच विचारतात. ‘आम्ही १९७२ ते ७६ इथे राहिलो, तेव्हा काय होतं?’ तेव्हाचे नमुने नसतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प लजूनमध्ये, जो तळ आजही चालू आहे, नळाच्या पाण्यात टीसीई लिटरमागे १४०० मायक्रोग्रॅमपर्यंत मोजलं गेलं, म्हणजे आजच्या मर्यादेच्या २८० पट. तिथे एटीएसडीआरने भूजलाचं प्रतिमान उलट चालवून महिन्यामहिन्याचं प्रदूषण पुन्हा उभं केलं आणि १९५३ ते १९८७ हा संपर्काचा काळ निश्चित झाला. तेवढी साधनं हाताशी नसली तरी इतकं करता येतं: विहीर कधी सुरू झाली, कधी बंद झाली, कुठल्या वस्तीला तिचं पाणी जायचं, किती विहिरींचं पाणी एकत्र व्हायचं. या चार नोंदींवरून काळ आणि माणसं ठरतात. ‘माहिती अपुरी’ म्हणून ‘धोका नाही’ असं लिहू नका. ‘ठरवता येत नाही’ हा वेगळा निष्कर्ष आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत लिहायचा.

एखादी आई विचारेल, माझ्या मुलाचा आजार यानेच झाला का? हे मूल्यमापन एका माणसाबद्दल ते सांगू शकत नाही, हे तिला थेट सांगा. पण मात्रा किती होती, त्या मात्रेला काय परिणाम दिसलेत, डॉक्टरांना कुठली तपासणी विचारावी, हे कागदावर तिच्या भाषेत लिहून तिच्या हातात द्या. आकड्यांच्या मागे लपू नका.

पायरी ७: पाच वर्षांनी परत या

ज्या जागी काही प्रदूषण मागे ठेवलंय तिथे सुपरफंड कायद्याने दर पाच वर्षांनी फेरतपासणी करावी लागते. जाताना जुना अहवाल आणि एक कोरा नकाशा घ्या. कुंपण उभं आहे का, फलक वाचता येतो का, वाळू सरकून गोळ्या उघड्या पडल्यात का, बंदीच्या पट्टीत नवी विहीर झाली का, गोदामाचं पाळणाघर झालं का, हे स्वतः चालून पाहा. मग प्रत्येक रसायनाची आजची मर्यादा जुन्या मर्यादेशेजारी लिहा. शिसं ४०० वर पास झालेलं अंगण २०० वर नापास होऊ शकतं, टीसीईची श्वासाची पातळी २०११ मध्ये ठरली, पीफासचा तर जुन्या अहवालात उल्लेखही नसेल. अशी ओळ सापडली की ती वाट पुन्हा उघडा आणि दुसऱ्या पायरीपासून तिच्या पाचही दुव्यांना परत हात घाला.